पडणाऱ्या पोराखालची जमीन

(पिंपळी, ता. बारामती येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्याकडं गावात काही चांगलं झालं की तिथं पेव्हर ब्लॉक बसतात. देवळापुढं ब्लॉक, शाळेपुढं ब्लॉक, चावडीपुढं ब्लॉक, स्मशानभूमीतही ब्लॉक. चिखल होत नाही, झाडायला सोपं जातं, उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतं. त्याला माझी हरकत नाही. पण हेच ब्लॉक आपण झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशीही बसवले, आणि तिथं माझा संबंध येतो. कारण मी हाडांचा डॉक्टर आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे. म्हणून आजचा विषय मुलांचा घेतला. खेळताना मुलं पडतात. ती पडायचीच. प्रश्न एवढाच की ती कशावर पडतात, आणि ती जमीन कुणी ठरवली?

थोडा हिशेब मांडतो, शाळेतल्या मुलांनी ताडून बघावा. सहा फूट उंचीवरून निसटलेलं मूल जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण एकवीस-बावीस किलोमीटर असतो. गर्दीच्या रस्त्यावर मोटारसायकल चालते तेवढा. हा वेग शून्यावर यायला त्याच्या डोक्याला किती जागा मिळते यावर सगळं ठरतं. खाली सैल वाळू असेल तर डोकं काही बोटं आत रुततं आणि मार त्या अंतरात विरतो. सिमेंटवर ते अंतरच नसतं. तोच वेग निमिषात थांबतो आणि सगळा मार कवटीला बसतो. उंची तीच, मूल तेच, खोडीही तीच. बदललं ते फक्त खालचं.

हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. या भागात तालमी आहेत, कुस्तीचे आखाडे भरतात, यात्रेत फड लागतो. तालमीचा हौद कसा असतो ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगायची गरज नाही. तांबडी माती चाळून घ्यायची, खडा राहू द्यायचा नाही. त्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालायचा. आणि मुख्य म्हणजे ती माती रोज खणायची. पैलवान लढायच्या आधी फावडं हातात घेतो. ज्या दिवशी हौद खणला नाही त्या दिवशी वस्ताद कुस्ती लावत नाही, कारण न खणलेली माती बसते, घट्ट होते आणि खांदा निखळतो. चांगला ऐंशी किलोचा गडी, ज्याला पडायचं कसं हे वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं, त्याच्यासाठी आपण एवढी मशागत करतो. आणि पंधरा किलोच्या पोरीसाठी, जिला पडायचं कुणी शिकवलेलं नाही, खाली सिमेंट ओततो. याला अडाणीपणा म्हणता येत नाही. लहान मुलांचा खेळ आपण खेळ म्हणून मोजत नाही, एवढंच.

अमेरिकेत ग्राहकांच्या सुरक्षेसाठी एक सरकारी आयोग आहे. सार्वजनिक क्रीडांगणांसाठी तो १९८१ पासून एक पुस्तिका काढतो. तिकडं दरवर्षी दोन लाखांवर मुलं क्रीडांगणावरच्या दुखापतींमुळं तातडीच्या विभागात पोचतात आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण पडणं हेच असतं. त्या पुस्तिकेत साधं कोष्टक आहे. नऊ इंच सैल वाळू असेल तर साधारण चार फुटांवरून पडण्यापर्यंत ती मुलाला सांभाळते. लाकडाच्या चिपांचा तेवढाच थर त्याहून बऱ्याच उंचीला पुरतो. सिमेंट आणि डांबर खेळण्याखाली चालतच नाही. आणि ज्यावर आपला फार भरवसा असतो ती नुसती माती आणि हिरवळ, तीही भरवशाची धरलेली नाही. उन्हाळ्यात आपली काळी माती कशी होते ते तुम्ही जाणता. भेगाळते आणि ढेकळाची वीट होते. वाळू टाकली म्हणून कामही संपत नाही. पाऊस आणि पायांनी ती दबते, कडेला सरकते, आणि झोपाळ्याखाली, जिथं पाय घासतात, तिथं नेमका खड्डा पडून तळ उघडा होतो. म्हणजे पुन्हा फावडं आलंच.

कुणी विचारेल, आमच्याकडं पाचटाला तोटा नाही, तेच टाकू का? टाकू नका. कुजतं, त्यात विंचू-सापाला आसरा होतो, आणि एक काडी पडली तर काय होतं ते उसाच्या फडात आपण दरसाल बघतो.

खेळण्यांची तपासणी करायला इंजिनियर लागत नाही. हात पुरतो. शिडीच्या दोन पायऱ्यांमधली, कठड्याच्या दोन गजांमधली फट बघा. साधारण चार बोटांहून मोठी आणि वितीहून लहान असेल तर ती धोक्याची. अशा फटीतून मुलाचं अंग पायांकडून निसटून जातं आणि डोकं अडकतं. परदेशी पुस्तिकेत हेच माप साडेतीन ते नऊ इंच असं दिलंय. झोपाळ्याची आडवी दांडी आठ फुटांवर असेल तर पुढं सोळा आणि मागं सोळा फूट जागा मोकळी हवी. आपल्याकडं झोपाळा कंपाउंडला चिकटवून लावतात, कारण जागा वाचते. साखळीचा हुक उघडलाय का, फळीला तडा गेलाय का, खांबाचं काँक्रीट जमिनीवर डोकावतंय का, हेही त्याच फेरीत बघता येतं. पत्र्याची घसरगुंडी एप्रिल-मेच्या दुपारी आधी आपल्या हाताच्या पंज्यानं तपासा. ज्याला पंजा टेकवत नाही त्यावर उघड्या मांडीचं पोर बसवायचं नसतं. आणि आयांना एक सांगणं: घसरगुंडीवर चढताना मुलीची ओढणी काढून ठेवा, मुलाच्या टोपड्याची दोरी, गळ्यातला जाड काळा दोरा काढा. दोरी वर अडकते आणि मूल खाली जातं. जीव जायला एवढंच पुरतं.

ओपन जिमची तऱ्हा अजून वेगळी. ती यंत्रं मोठ्या माणसांच्या उंचीची, मोठ्यांच्या वजनासाठी केलेली. सकाळी सहाला मोठी माणसं त्यावर व्यायाम करतात, संध्याकाळी पाचला त्याच यंत्रांवर दहा-बारा पोरं लोंबकळतात. फिरत्या सांध्यात बोट जातं. त्या बोटांचं पुढं काय होतं ते या वेळी सांगत नाही, तुम्ही जेवून आलाय.

माझ्याकडं सगळ्यात जास्त येतो तो कोपर. पाच ते सात वर्षांचं मूल, तोल गेला की हात पुढं करतं, आणि कोपराच्या वरचं हाड मोडतं. हे हाड त्या वयात तिथं पातळ असतं आणि त्याच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. या मोडण्यात घाई कामाची असते आणि आपल्याकडं नेमका तिथंच वेळ जातो. कुणी तेल लावून चोळतो. कुणी हात धरून सरळ करू बघतो. कुणी गावातल्या बांधणाऱ्याकडं नेतो आणि तो बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळतो. आत सूज वाढते, बाहेर पट्टी आवळलेली, रक्त पोचत नाही, आणि मनगटाखालचे स्नायू मरायला लागतात. असा हात पुढं आयुष्यभर वाकड्या पंजाचा राहतो. मी असे हात बघितलेत. हाड मोडलं तर ते जुळतं, मुलांचं तर फार छान जुळतं. मेलेला स्नायू परत येत नाही.

म्हणून कोपर ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत ठेवा. घडी घातलेलं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा खाली द्या, टॉवेलनं किंवा गमज्यानं हात गळ्यात अडकवा आणि निघा. वाटेत बोटं बघत राहा. बोटं गार पडली, पांढरी किंवा निळी दिसली, बोटं सरळ करताना मूल किंचाळलं तर ही रात्र काढून बघू अशी गोष्ट नाही. प्लास्टर घातल्यावरही हेच लागू. घरी गेल्यावर मूल सारखं रडतंय, बोटं सुजलीत, तर ते नाटक करतंय असं समजू नका, रात्री दोन वाजता परत आणा. आणि डोक्याला मार लागून मूल नंतर दोनदा उलटी करतंय, गुंगीत जातंय, नीट बोलत नाही, तर १०८ लावा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि ती फुकट आहे.

इथपर्यंत मी क्रीडांगणाच्या आत होतो. आता जरा बाहेर जाऊ, कारण या भागातली बरीचशी मुलं क्रीडांगणात खेळतच नाहीत.

ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात काढलेला नीरा डावा कालवा बारामतीतून पुढं इंदापूरकडं जातो. त्यावर आपला ऊस उभा राहिला आणि त्यावर आपले कारखाने. मे २०२५ मधल्या पावसात हा कालवा पिंपळी-लिमटेकजवळच फुटला आणि पाणी कुठंवर येतं ते आपण सगळ्यांनी बघितलं. तेव्हा टीव्हीवाले आले. पण कालव्याचा रोजचा धोका फुटण्यात नसतो. तो काठावर असतो. जुन्या मातीच्या काठाला गवत होतं, मुळं होती, घसरलेल्या माणसाला धरायला काहीतरी मिळायचं. कालव्याच्या काँक्रीट अस्तरीकरणावरून आपल्याकडं भांडणं झाली ती विहिरींच्या पाझरासाठी, आणि शेतकऱ्याच्या बाजूनं ती रास्तच होती. त्या भांडणात एक मुद्दा कुणी काढल्याचं मला आठवत नाही. काँक्रीटच्या उतारावर शेवाळ धरलं की पोहणाराही वर चढू शकत नाही. मग जिथं अस्तर आहे तिथं ठरावीक अंतरावर पायऱ्या किंवा लोखंडी कड्या का नकोत?

शेततळ्याचंही तसंच. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं दुपारच्या उन्हात मुलाला काय दिसत असेल विचार करा. निळंशार पाणी आणि वरून घसरगुंडी. त्या घसरगुंडीवरून खाली जाता येतं, वर येता येत नाही. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप, आणि चारही बाजूंना पाण्यात सोडलेले गाठी मारलेले दोर, त्यांना बांधलेल्या जुन्या ट्यूब. हा खर्च कागदाच्या खर्चापुढं किरकोळ आहे. आणि बुडालेलं मूल बाहेर काढलं तर त्याला उलटं धरून फिरवू नका, पोटावर दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालत नसेल तर त्याच्या तोंडाला तोंड लावून आधी श्वास द्या, छाती दाबा. त्याला धोका पोटातल्या पाण्याचा नसतो, हवा न मिळण्याचा असतो.

बोअरवेलविषयी तर सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगून ठेवलंय. खोदताना भोवती काटेरी तार, वर पोलादी झाकण, आणि बोअर सोडून द्यायचा असेल तर तो तळापासून वरपर्यंत बुजवायचा. गावात यावर लक्ष ठेवायची जबाबदारी सरपंचांवर आणि कृषी खात्यावर टाकलीय. फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या थोरांदळे इथं, एका मजुराचा सहा वर्षांचा मुलगा खेळता खेळता बोअरमध्ये पडला. एनडीआरएफच्या जवानांनी रात्रभर खणून त्याला सुखरूप काढलं. मार्च २०२३ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत ऊसतोड मजुराचा पाच वर्षांचा मुलगा असाच पडला. तो वाचला नाही.

दोन्ही मुलं मजुरांची होती हे लक्षात घ्या. दिवाळी सरली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांसाठी टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. आई-बाप पहाटे फडात गेले की त्यांची पोरं उसाच्या ट्रॉल्यांखाली, बैलांच्या पायांत, कालव्यावर, परक्या माणसाच्या उघड्या बोअरपाशी खेळतात. गावातली कुठली विहीर, कुठलं तळं कुठं आहे हेही त्यांना ठाऊक नसतं. गावची खेळणी त्यांच्यासाठी आहेत असं आपण त्यांना कधी सांगितलंय? उलट, हाकलून लावलेलं मी बघितलंय.

आणि शहरात सगळं नीट आहे असंही समजू नका. मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात चार आणि पाच वर्षांचे दोन भाऊ खेळायला गेले आणि बागेतल्याच पाण्याच्या टाकीत बुडाले. टाकीवर धड झाकण नव्हतं. महापालिकेची बाग, मुलांसाठीच राखलेली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पण ज्या दिवशी झाकण निघालं त्या दिवशी ते बसवायचं काम कुणाचं होतं, हा प्रश्न बागेतल्या एखाद्या माळ्याला आधी पडला असता तर न्यायालयाला काही करावं लागलं नसतं.

हे सगळं ऐकून एखादी आई म्हणेल, मग पोराला घरातच ठेवते, हातात मोबाइल देते. डॉक्टर म्हणून मी त्याला साफ विरोध करतो. मुलांच्या हाडाला उड्या लागतात, तोल सांभाळायला झाड लागतं, आणि भीतीचा अंदाज यायला थोडी भीती लागते. सूरपारंब्या खेळणारा मुलगा कुठली फांदी आपलं वजन पेलते हे शिकतो. त्याला ते पुस्तकातून कळत नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथं १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यात देश असताना, मुलांना फळ्या, खिळे, हातोड्या देऊन एक मैदान सोपवलं गेलं. तिथं मुलांनी स्वतः घरं बांधली. ती मुलं मरून गेली नाहीत. तिथं एक मोठा माणूस कायम हजर असायचा, एवढाच फरक.

अ‍ॅमस्टरडॅमची गोष्ट मला तुमच्यासाठी जास्त कामाची वाटते. महायुद्धानंतर तिथल्या महापालिकेत आल्डो व्हान आइक नावाचा तरुण वास्तुविशारद होता. १९४७ ते १९७८ या काळात त्यानं शहरात सातशेवर छोटी क्रीडांगणं केली. मोठं उद्यान एकही नाही. पडीक कोपरे, दोन घरांमधली रिकामी जागा, कचऱ्याचे ढीग पडायचे ते प्लॉट. बहुतेकांत वाळूचा एक हौद आणि चढायला साध्या लोखंडी कमानी. आणि यातली कितीतरी रहिवाशांच्या पत्रांवरून झाली. अमुक गल्लीत तमुक जागा मोकळी आहे, तिथं आमच्या मुलांसाठी काही करा, असं लोक महापालिकेला लिहायचे. घराच्या खिडकीतून दिसेल एवढ्या अंतरावर खेळायची जागा असली की मूल कालव्यावर जात नाही. आपण करतो काय, तर गावाच्या टोकाला, हमरस्त्याच्या पलीकडं, स्वस्तात मिळालेल्या जागेत एकच बाग करतो. आपल्याकडून जाणारा पालखी मार्ग आता केवढा रुंद झालाय. त्यावरून गाड्या कशा जातात ते रोज बघता. त्या रस्त्यापलीकडची बाग म्हणजे सहा वर्षांच्या मुलासाठी बागच नाही.

एक गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती मोठ्यानं बोलायला आपण कचरतो. मैदानावर मुलाला धोका अनोळखी माणसाचा असतो असं आपण शिकवतो. अत्याचाराच्या प्रकरणांत बहुतेक वेळा माणूस ओळखीचा निघतो. म्हणून मुलाला माणसांची यादी पाठ करून देण्यापेक्षा, नको वाटलं तर ओरडायचं आणि घरी येऊन सांगायचं, आणि सांगितल्यावर मार बसणार नाही, हे पटवून द्या. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. तो शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहा, हेडमास्तरांच्या उंचीला नव्हे.

आता पैशाचं. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ सालीच प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि कुंपण हवं असं लिहून ठेवलंय. गावात खेळणी आणायला निधी मिळतो, वित्त आयोगातून, आमदार-खासदार फंडातून. पाटी लागते, नारळ फुटतो. दुरुस्तीला निधी नसतो, कारण दुरुस्तीला पाटी लागत नाही. पण ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून वर्षाला दोन ट्रॉली वाळू, चार हुक, एक कुलूप आणि आठवड्यातून एकदा फावडं मारणाऱ्या माणसाची मजुरी सहज निघते.

येत्या १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. त्याच्या आधी महिला सभा होते, विषय तिथूनच यावा असं मला वाटतं. त्यासाठी मी एक अर्ज लिहून आणलाय, त्यात चारच मागण्या आहेत. झोपाळ्या-घसरगुंडीखालचे ब्लॉक काढून नऊ इंच वाळू, हद्दीतल्या सगळ्या उघड्या बोअर आणि टाक्यांची यादी व झाकणं, कालव्याच्या काठाला पायऱ्या मिळाव्यात म्हणून पाटबंधारे खात्याला पत्र, आणि आठवड्याला खेळणी तपासणाऱ्या माणसाचं नाव ठरावात लिहिलेलं. समिती नको, एका माणसाचं नाव हवं. अर्ज मागच्या टेबलावर ठेवलाय. ज्या बायाबापड्यांना पटलं असेल त्यांनी घरी जाण्याआधी सही किंवा अंगठा करावा.